मावळांतील तळीं आणि सायकलची वाट

तळ्यांचा मुलूख म्हटला कीं आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें प्रथम आयर्लंड देश उभा राहतो. किलार्नीचीं सरोवरें, शॅनन नदी वाटेंत पसरून झालेलें लॉक डर्ग, आणि येट्स कवीनें १८९० सालीं एका लहानशा कवितेंत गाऊन जगाच्या ओळखीचें केलेलें लॉक गिलमधील इनिसफ्री बेट, यांविषयीं ज्यांनीं कॉलेजांत वाचलें त्यांना तो ओला, हिरवा, संथ मुलूख न पाहतांहि पाहिल्यासारखा वाटतो. अशा तळ्यांच्या कांठाकांठानें सायकलीवरून चार दिवस हिंडावें, रात्रीं एखाद्या खेड्यांत उतरावें, ही हौस तिकडे पुष्कळ जुनी आहे. आणि सायकलीवर बसणाराचीं हाडें ज्या शोधामुळें शाबूत राहिलीं तो शोधहि त्याच भूमींतला. जॉन बॉइड डनलॉप हा जन्मानें स्कॉटिश, पण बेलफास्ट शहरीं गुरांच्या डॉक्टराचा धंदा करणारा. त्यानें आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीसाठीं हवा भरलेली रबरी धांव तयार केली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. न्यायानें पाहतां रॉबर्ट टॉमसन नांवाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसानें हीच कल्पना १८४५ सालींच नोंदविली होती; पण त्या वेळीं ती बसवावयास आजच्यासारखी सायकलच नव्हती, आणि शोधाला मुहूर्त लागतो तो असा. १८८९ च्या मे महिन्यांत बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम या शर्यतवाल्यानें असल्या धांवांच्या सायकलीवर बसून प्रतिस्पर्ध्यांना मागें टाकलें, आणि त्याच वर्षीं डब्लिनमध्यें धांवा करणारी कंपनी निघाली.

बेलफास्टांत ही धांव फुगत होती त्याच सुमारास आपल्याकडे भोर संस्थानांत वेळवंडी नदीवर भाटघरचें पहिलें दगडी धरण चढत होतें. १८८१ सालीं त्याचें काम सुरू झालें व १८९२ च्या सुमारास पुरें झालें. मागें जें तळें सांचलें त्याला व्हायटिंग या इंजिनियराचें नांव मिळालें. खडकवासल्याचें तळें त्याहून थोडें वडील. तें १८७९ सालचें, व त्याला फाइफ या दुसऱ्या इंजिनियराचें नांव. म्हणजे हवेची धांव आणि मावळांतलीं मोठीं तळीं हीं एकाच पिढीचीं भावंडें होत. एकाच शतकानें, एकाच यंत्रविद्येच्या भरांत, दोघांना जन्म दिला. आज कोणी सायकलीवरून या तळ्यांना फेरी घालूं लागला तर दोन समवयस्क वृद्धांची गांठ पडते असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्याकडे सायकल आली ती कौतुकाची वस्तु म्हणून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं आपल्या भावाच्या सोबतीनें १८८८ सालीं बेळगांवास सायकलींचें दुकान काढलें, आणि सायकल विकून वर ती शिकविण्याचीहि फी घेतली. पुढें पुणें हें सायकलींचें शहर म्हणून गाजलें. तासाच्या भाड्याचीं दुकानें, नगरपालिकेचा बिल्ला, कंदील नसल्यास पोलिसाची हांक, हें सारें माझ्या वडिलांच्या पिढीच्या तोंडीं अजून आहे. मुंबईहून १९२३ सालीं निघालेल्या पारशी तरुणांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे तर सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ सालीं परत आले. पण सामान्य पुणेकराची सायकल कचेरी, कॉलेज आणि मंडई यांच्यापलीकडे फारशी गेली नाहीं. कात्रजचा घाट ही तिची शीव. तो घाट ओलांडून मावळांत रपेट करण्याची हौस अलीकडची, आणि ती बहुतेक पावसाळ्यांतील रविवारची आहे. पाणी भरलेलें, डोंगर हिरवे, धबधबे सुरू, आणि छायाचित्रें उत्तम. या हौसेला नांवें ठेवण्याचें मला कारण नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, या तळ्यांचा इतिहास ज्याला वाचावयाचा असेल त्यानें तीं भरलेलीं असतांना जाऊं नये.

तळ्यांच्या या मुलखाचें दार म्हणून मी वरवे बुद्रुक हें गांव सांगेन. पुण्याहून सातारच्या रस्त्यानें कात्रजचा घाट उतरून खेड-शिवापूर मागें टाकलें कीं शिवगंगेच्या खोऱ्यांत हें गांव लागतें. बुद्रुक म्हणजे फारसींतलें 'बुझुर्ग', थोरलें. शेजारीं धाकटें वरवे खुर्द आहेच. सायकलवाले येथें चहा घेतात, मालमोटारींच्या धुराला शिव्या देतात व पुढें जातात. परंतु वाटांच्या दृष्टीनें जागा मोक्याची आहे. थोडें पुढें नसरापूर. तेथून पश्चिमेस गुंजवणीच्या कांठानें वेल्ह्याची वाट फुटते. त्या तालुक्याचें नांव आतां राजगड झालें आहे. वेल्ह्याहून पाबे घाट चढून उतरलें कीं पानशेतच्या बाजूस जातां येतें. नसरापुराहून तसेंच सातारच्या रस्त्यानें कापूरहोळास गेलें कीं उजव्या हाताची वाट भाटघरास व भोरास जाते, आणि भोराहून नीरेच्या कडेनें वरंध घाटाकडे निघालें कीं नीरा-देवघरचें पाणी लागतें. नसरापूरजवळ बनेश्वराचें देऊळ आहे. तें नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत १७४९ सालीं बांधलें गेलें. तेथें टांगलेल्या घंटेवर क्रुसाची खूण व १६८३ हें साल आहे, आणि ती वसईच्या १७३९ च्या विजयांतून आली असें मानतात. पण देवळांकडे वळलों तर तळीं राहतील.

आयर्लंडांतील बहुतेक तळीं हिमयुगांतल्या बर्फानें खोदलेलीं आहेत. आपल्या या प्रदेशांत एकहि मोठें तळें निसर्गानें केलेलें नाहीं. जें पाणी दिसतें तें सर्व गेल्या दीडशें वर्षांत माणसानें अडविलेलें आहे, आणि म्हणून त्याला तारीख आहे, कारण आहे, आणि त्यानें कोणाचें तरी कांहीं घेतलेलें आहे. अशा पाण्याकडे कवीच्या आधीं इतिहासकारानें पाहावयास हवें.

शिवकालांत हा मुलूख तालुक्यांनीं ओळखला जात नसे, खोऱ्यांनीं ओळखला जात असे. नीरेच्या उगमाकडचें हिरडस मावळ बांदल देशमुखांचें, आणि बाजीप्रभु तेथलेच देशपांडे. रोहिडखोरें कारीच्या जेध्यांचें, गुंजण मावळ शिळिमकरांचें, कानंद खोरें मरळांचें, मोसें खोरें पासलकरांचें. एक नदी, तिच्या दोहों अंगांस डोंगराच्या सोंडा, तळाला भाताचीं खाचरें, वर एखादा किल्ला, आणि या सर्वांवर एक देशमुख, असा एकेक संसार होता. आतां धरणें पाहा. वेळवंड खोऱ्यांत भाटघर, हिरडस मावळांत नीरा-देवघर, मोसें खोऱ्यांत वरसगांव, कानंद खोऱ्यांत गुंजवणी प्रकल्पाचें धरण. जणूं इंजिनियरानें जुन्या देशमुख्यांची यादी हातीं धरूनच कामें काढलीं. हा योगायोग नव्हे. ज्या खोऱ्याला तोंड एकच व तेंहि अरुंद, तें थोड्या माणसांनीं राखतां येतें, म्हणून तेथें देशमुखी रुजली. आणि तेंच तोंड थोड्या दगडांनीं बुजवितां येतें, म्हणून तेथें धरण झालें. मावळ्यांना ज्या भूमीनें स्वराज्याच्या आरंभीं आसरा दिला तिच्या त्याच गुणानें ती पाण्याखालीं गेली.

नांवांचाहि एक इतिहास आहे. फाइफ, व्हायटिंग, आणि पुढें मुंबईचा गव्हर्नर लॉइड, हीं पहिलीं नांवें. स्वातंत्र्यानंतर तीं पुसलीं जाऊन भाटघरच्या तळ्याला येसाजी कंकांचें, वरसगांवास वीर बाजी पासलकरांचें आणि पानशेतच्या पाण्याला तानाजींचें नांव मिळालें. येसाजी कंक याच भागांतील भुतोंड्याचे. बदल योग्यच झाला. मात्र ज्यांनीं खोरीं राखलीं त्यांचींच नांवें खोरीं बुडविणाऱ्या पाण्याला चिकटलीं, आणि ठेवणारांच्या ध्यानींमनीं नसतांना त्यांत एक उपरोध उतरला.

हें पाणी अडविलें कोणासाठीं? १८७६-७७ च्या दुष्काळानें पुणें जिल्ह्याचा पूर्वभाग होरपळून काढला, आणि त्यानंतर नीरेच्या कालव्याच्या कामास जोर आला. भाटघरास अडविलेलें पाणी नदीनें खालीं सोडावयाचें, तें वीर येथें पुन्हां अडवून डाव्या कालव्यांत घ्यावयाचें, आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरड्या पट्ट्यांस पाजावयाचें, अशी योजना. दुष्काळाच्या कामाचा विचार करतांना आयर्लंडची पुन्हां आठवण होते. तेथें १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळांत उपाशी लोकांकडून मजुरीवर रस्ते करून घेतले. त्यांतले कित्येक रस्ते डोंगरावर मध्येंच संपतात, कारण ते कोठें पोंचावयाचे म्हणून केलेच नव्हते, राबवून घ्यावयाचे म्हणून केले होते. त्या वेळीं मदतीच्या खात्याचीं सूत्रें हालविणारा ट्रेव्हेल्यन पुढें १८५९ मध्यें मद्रासेस गव्हर्नर होऊन आला. या मानानें आपला नीरेचा कालवा शहाणपणाचा म्हटला पाहिजे; तो कोठें तरी पोंचला, आणि अजून वाहतो आहे.

परंतु पोंचला कोठें हें पाहावें. धरण भोर संस्थानांत, म्हणजे पंतसचिवांच्या राज्यांत. आणि पहिल्यानें भिजलें तें ब्रिटिश मुलखांतलें शेत. पाण्याची भूक वाढली तेव्हां जुन्या धरणाच्या खालच्या अंगास नवें धरण घातलें. तें १९२८ सालीं पुरें झालें. लांबी ५,३३३ फूट, उंची १९० फूट. लॉइड धरण तें हेंच. त्या काळीं जगांतील मोठ्या दगडी धरणांत त्याची गणना होत असे. जुनें धरण नव्या तळ्याच्या पोटांत गेलें, आणि उजव्या कालव्यानें फलटण व माळशिरस यांकडे पाणी चाललें. १९३० नंतरच्या दशकांत या दोन कालव्यांवर वालचंदनगर, माळीनगर येथें साखरेचे कारखाने उभे राहिले. महाराष्ट्राच्या साखरेचा इतिहास लिहिणारांनीं कारखान्यांच्या धुरांड्यांवर पुष्कळ लिहिलें आहे. त्या उंसाचें मूळ वेळवंडीच्या खोऱ्यांत बुडालेल्या भाताच्या खाचरांत आहे, हें मात्र क्वचितच कोणी लिहितो.

खाचरांविषयीं थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे, कारण नुकसानीचें खरें माप तेथें आहे. मावळांत जमीन दोन जातीची. नदीच्या व ओढ्यांच्या कांठीं बांध घालून, पिढ्यान्‌पिढ्या माती धरून केलेलीं भाताचीं खाचरें, हा एक प्रकार. आंबेमोहोराचा वास यायचा तो यांतून. वर डोंगराच्या उतारावरची हलकी जमीन, जिला वरकस म्हणतात, ती दुसरी. तींत नाचणी, वरई व्हावयाची, आणि तीहि कांहीं वर्षें टाकून. धरणाचें पाणी तळापासून चढतें. म्हणून तें प्रथम खाचरें घेतें व वरकस सोडतें. सरकारी दप्तरांत इतके एकर बुडाले असा आंकडा येतो. पण एकर आणि एकर यांत भात आणि नाचणी एवढें अंतर असतें. जो शेतकरी वर सरकला तो आपल्या गांवाच्या शिवेंतच राहिला, तरी एका पिढींत भातखाऊचा नाचणीखाऊ झाला.

सायकलीचें येथें एक वेगळेंच साहाय्य होतें. तळ्याच्या कांठची वाट सपाट असणार अशी नवख्याची समजूत असते. भाटघरच्या कांठानें भुतोंड्याकडे निघालें कीं पहिल्या अर्ध्या तासांतच ती मोडते. वाट एका सोंडेवर चढते, पलीकडे उतरते, ओढ्याच्या मुखाशीं शिरलेल्या पाण्याला वळसा घालण्यासाठीं आंत आंत जाते, आणि पुन्हां दुसऱ्या सोंडेवर चढते. समोरचें गांव हांकेच्या अंतरावर दिसतें, पण पोंचावयास घटका जाते. मोटारींतल्या माणसाला हा नुसता वळणांचा रस्ता. पायडल मारणाराच्या पोटऱ्या मात्र विचारतात, कीं शहाण्या लोकांनीं असा रस्ता कां केला असेल? उत्तर असें, कीं त्यांनीं तो केला नव्हता. त्यांचा रस्ता खालीं नदीच्या कडेनें, ओढे उथळ जागीं ओलांडीत सरळ जात होता. तो आज पाण्याखालीं आहे. वरची वाट ही पाण्यानें आंखून दिलेली आहे. चढाच्या प्रत्येक दमछाकीगणिक खालची नाहींशी झालेली सपाट वाट किती सोयीची होती याचा अंदाज येत जातो. बाजाराला, दवाखान्याला, शाळेला जाणाऱ्या खोऱ्यांतल्या माणसानें हा वळसा शंभर वर्षें चालून काढला आहे.

आमच्या धंद्यांतल्या माणसाला यापुढची एक गोष्ट अधिक बोंचते. मावळाच्या इतिहासाचीं साधनें म्हणजे मुख्यतः देशमुख-देशपांड्यांच्या घरचे कागद. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे दप्तरें शोधीत गांवोगांव हिंडले. कारीच्या जेध्यांकडे मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली, आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद तिच्यामुळें नव्यानें पेटला. या कागदांत तिथ्या व लढाया थोड्या. पुष्कळसे कागद वतनाचे व शिवेच्या भांडणाचे. अमुक ओढ्यापासून तमुक आंब्यापर्यंत, तेथून पांढऱ्या दगडावरून देवाच्या ठाण्याकडे, अशी शीव सांगितलेली असते. एरवीं इतिहासकाराचें रडगाणें असतें कीं भूमि आहे पण कागद गेला. या खोऱ्यांत उलटें झालें आहे. कागद पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळाच्या कपाटांत व छापील खंडांत सुखरूप आहेत, आणि ज्या ओढ्या-दगड-आंब्यांना धरून ते बोलतात ते बुडाले आहेत. राजवाडे १९२६ च्या अखेरीस वारले. मोठें धरण भरलें तें त्यानंतर. त्यांना जें खोरें पायांनीं तुडवितां आलें तें त्यांच्या शिष्यांच्या शिष्यांना नकाशावरच पाहावें लागतें.

वर्षांतून दोन महिने मात्र तें परत येतें. वैशाख लागला कीं कालव्यांसाठीं पाणी सुटून सुटून तळें आटत जातें, आणि कांठाला तपकिरी रंगाचे पट्टे एकाखालीं एक उघडे पडतात. कांबऱ्याजवळ पाण्यांतून कांबरेश्वराचें जुनें दगडी देऊळ वर येतें. लोक तें पांडवांनीं बांधलें म्हणतात. आपल्याकडे ज्याचा कर्ता ठाऊक नाहीं तें पांडवांचें, आणि ही समजूत खोडून काढण्याची मला कधीं घाई वाटली नाहीं, कारण तिच्यामुळेंच पुष्कळ दगड जागेवर राहिले आहेत. उघड्या पडलेल्या गाळांत शेतकरी मिळेल तें पीक काढून घेतात. तिला गाळपेर म्हणतात. जुन्या बांधांच्या रेघा, एखाद्या घराचें जोतें, विहिरीचा कांठ, हें त्या दिवसांत दिसूं शकतें. एका मे महिन्यांत मी कांहीं विद्यार्थ्यांसह असा कांठाकांठानें जात असतां एका वृद्ध गृहस्थानें आम्हांला काठीनें दाखवून उघड्या चिखलांतल्या तुकड्यांचीं नांवें सांगितलीं. त्यांचा स्वतःचा जन्म धरणानंतरचा. नांवें आजोबांनीं सांगितलेलीं. जी शेतें त्यांनीं कधीं कसलीं नाहींत, त्यांतल्या प्रत्येकाचें नांव त्यांना पाठ होतें, आणि त्यांच्या नातवाला एकहि येत नव्हतें.

आयर्लंडची तुलना येथें शेवटची एकदां उपयोगी पडते. तेथेंहि एक तळें माणसानें केलेलें आहे. डब्लिनपासून जवळच लिफी नदीवर धरण बांधून १९४० सालीं ब्लेसिंग्टनचा तलाव भरला. सत्तरेक घरें पाडावीं लागलीं. पण पाणी चढण्यापूर्वीं, १९३९ च्या शरदांत, लिअम प्राइस व त्याचे सहकारी त्या खोऱ्यांत गेले आणि घरें, वाटा, शेतांचीं नांवें, जुनीं स्मारकें यांची पाहणी करून ती लिहून ठेविली. युद्ध सुरू झालेलें, देश गरीब, आणि काम थोड्या आठवड्यांचें. तरी तें झालें, आणि २००८ सालीं तें पुस्तकरूपानें छापलेंहि गेलें. भाटघरच्या बाबतींत ती वेळ शंभर वर्षांपूर्वींच गेली. नीरा-देवघरची अजून गेलेली नाहीं. तें तळें या शतकाच्या आरंभीचें. हिरडस मावळाच्या त्या तळाशीं ज्यांनीं भात लावला, ज्यांच्या लग्नाच्या वराती खालच्या वाटेनें गेल्या, अशीं माणसें आज साठी-सत्तरीचीं आहेत. कांहीं वर सरकलीं, कांहीं दूरच्या पुनर्वसनाच्या वसाहतींत गेलीं. गुंजवणीचें पाणी तर त्याहूनहि अलीकडे अडलें. या माणसांना विचारण्यास आणखी वीस वर्षें मिळतील असें धरून चालण्यांत अर्थ नाहीं.

हें काम मोठ्या संस्थेचेंच आहे असें नाहीं. दोन-चार सायकली, एक वही आणि तालुक्याचा जुना नकाशा एवढ्यावर तें सुरू होतें. वैशाखांत पहांटे वरव्याहून निघावें म्हणजे ऊन चढण्यापूर्वीं भोर गांठतां येतें. महामार्गाचा तुकडा उजाडतांच उरकून घ्यावा. नीरेच्या कांठच्या गांवांतलीं म्हातारीं माणसें दुपारीं ओसरीवर असतात. गेल्याबरोबर वही उघडूं नये. सरकारी माणूस समजून तीं मोबदल्याच्या राहिलेल्या रकमेविषयीं बोलूं लागतात, आणि मग शेताचें नांव राहून जातें. आधीं पाणी मागावें, सायकल किती कोसांवरून आणली हें सांगावें, चढाची तक्रार करावी. तक्रार केली कीं कोणीतरी म्हणतोच, कीं पूर्वीं खालून सरळ वाट होती. आणि मग ती कोठून कशी जात होती हें विचारावें.